नोंदणी धाकटीची, तपासणी दादाची

धाकटीला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तो मेट्रनबाईंनी मानलेल्या आभारांचा.

"ताई, तुमचे फार उपकार झाले," मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या. त्या गावाबाहेरचा वृद्धाश्रम सांभाळायच्या. "दारं आता अजिबात आपटत नाहीत. आमची म्हातारी माणसं दुपारची निवांत पडतात. तुमचे दादा स्वतः स्टुलावर चढले हो. एकेक दार मऊ करून दिलं. आणि तुमचा दाखलाही मिळाला. फ्रेम करून आत शिरल्या शिरल्या दिसेल असा लावलाय."

"माझा दाखला?"

"तुमचाच. आगीच्या धोक्याची तपासणी केली, सगळं ठीक. खाली तुमची सही, तुमचा नोंदणी क्रमांक."

धाकटीनं त्या वृद्धाश्रमाचं फाटकसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. तिनं फोन ठेवला. मग उठून गाडीची किल्ली घेतली. तळपायाची आग मस्तकात जाणं हे तिनं आजवर फक्त ऐकलं होतं. आगीच्या धंद्यात इतकी वर्षं काढून ते अनुभवायला घरचंच माणूस लागलं.

हा धंदा दादाचा. एके काळी इमारतीत आग लागली तर काय होईल हे सांगायला कुणाला काही यावं लागत नसे. हातात टॉर्च, गळ्यात ओळखपत्र आणि बोलण्यात जरा जरब असली की झाला तपासनीस. दादा त्या काळातला, पण त्या काळातल्या लफंग्यांपैकी नव्हे. मन लावून काम करणारा, लोकांत मिसळणारा. जिन्याखाली रद्दी रचून ठेवणाऱ्या मॅनेजरला रागावायचा आणि मग त्याच्याच बरोबर बसून चहा प्यायचा. वडील गेल्यावर त्यानं धाकटीला हाताशी घेतलं. पहिले जाड तळाचे बूट त्यानंच आणून दिले. वॉचमनकडून गच्चीची किल्ली कशी काढायची, बंद खोली हसून कशी उघडायला लावायची, हे सगळं तिला त्यानं शिकवलं.

मग कुठल्याशा शहरात एक वसतिगृह जळालं. चौकशीत कळलं की तिथली तपासणी करणारा गृहस्थ त्याआधी गालिचे विकत होता. त्यानंतर कायदा आला. लेखी परीक्षा द्या, आपण केलेल्या तपासण्या दाखवा, तीन जाणत्यांपुढे मुलाखतीला बसा आणि सरकारी मंडळाकडे नोंदणी करा. नोंदणी नसेल त्यानं दाखल्यावर सही करायची नाही. दादा आणि धाकटी दोघांनीही अर्ज केला. धाकटी पास झाली. दादा मुलाखतीत अडकला, आणि तेही कशावर, तर दारावर.

"फायर डोअर कसं तपासता?" त्यांनी विचारलं.

"उघडतो आणि सोडतो. आपोआप लागलं, खटका बसला, तर पास."

"किती उघडता?"

"दार म्हणजे पूर्णच उघडणार. त्यात काय मोजायचं?"

पॅनलवरच्या बाई म्हणाल्या, जरा अभ्यास करा, पुन्हा या. दादा घरी आला तो तणतणतच. "कालची पोरं मला दार उघडायला शिकवणार," असं तो महिनाभर येईल जाईल त्याला सांगत होता. पुन्हा काही गेला नाही. अहंकार आडवा आला, दुसरं काय. शेवटी घरात ठरलं: दादानं गिऱ्हाइकं सांभाळायची, अलार्मची देखभाल बघायची. तपासणी धाकटी करेल आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहील तेवढ्यावरच सही करेल. दादानं मान डोलावली होती. नंदीबैलही डोलावतो.

वृद्धाश्रमाचा कॉरिडॉर लांबलचक होता. फिनाइलचा वास, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीला जड दार आणि दाराच्या डोक्यावर ते लावून घेणारा क्लोजर. मेट्रनबाई कौतुकानं पुढे झाल्या, एक दार सताड उघडलं आणि सोडून दिलं. दार सावकाश आलं, खटका हलकेच बसला.

"आधी काय आवाज यायचा," त्या म्हणाल्या. "एका आजींना तर धडकीच भरायची. त्या दादांपुढे रडल्या, तेव्हा त्यांनी पान्हा काढला."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एक आजी वॉकर ढकलत निघाल्या. म्हातारं माणूस दार सताड कुठलं उघडतंय? त्यांनी वीतभर उघडलं, वॉकरचं टोक घातलं, अंग चोरून बाहेर आल्या आणि मागे न बघता चालू लागल्या. दार मागे आलं, चौकटीपर्यंत आलं आणि तिथेच टेकून राहिलं. खटका बसलाच नाही. लांबून येताना दाराला जो जोर मिळायचा तो जवळून मिळत नव्हता, आणि क्लोजरचा जोर तर दादानं पान्ह्यानं काढूनच घेतला होता.

धाकटीनं दाराला एक बोट लावलं. दार उघडलं.

ती पुढच्या दाराकडे गेली. वीतभर उघडलं, सोडलं, बोट लावलं. उघडलं. त्याच्या पुढचंही उघडलं. मेट्रनबाई बरोबर चालत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकेका दारागणिक ओसरत होतं.

"टेकलेलं दार म्हणजे बंद दार नव्हे," धाकटी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती शब्द मोजून टाकत होती. "खाली आग लागली की धूर जोरानं दार ढकलतो. खटका बसलेला असेल तर दार बंद राहतं. नसेल तर धूर थेट पलंगापर्यंत. तुमची माणसं पळू शकत नाहीत. मदत येईपर्यंत त्यांच्याकडे हे दार सोडून दुसरं काही नाही."

"पण दाखला आहे ना?" मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्हीच पास केलंत, आता तुम्हीच नापास म्हणता?"

तो दाखला माझा नाही, हे वाक्य धाकटीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थबकलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं एवढंच म्हटलं, "क्लोजरवाल्याला आत्ताच बोलवा. दारं आपटू द्या. दाखला मी परत बघते." क्लोजरवाला येईपर्यंत ती तिथेच थांबली, शेवटच्या दाराचा खटका वीतभरावरून बसलेला पाहिला आणि मगच निघाली. निघताना, दादापुढे रडलेल्या त्या आजी म्हणाल्या, "तो आधीचा मुलगा चांगला होता गं. माझं ऐकलं त्यानं."

गाडी चालवताना तिला दादाचा राग आला, मेट्रनबाईंचा आला, आणि आपण भित्र्यासारखं खरं लपवलं याचाही आला. पण रागाच्या बुडाशी हिशेब चालूच होता. मंडळाला कळवलं तर चौकशी लागणार. दादा तर अडकेलच, तिची स्वतःची नोंदणीही थांबणार, कारण सह्या तिच्या नावाच्या. दोघांचाही धंदा बसणार. त्यापेक्षा दादाकडून कबूल करून घ्यावं, त्यानं सही केली ती सगळी ठिकाणं दोघांनी मिळून पुन्हा तपासावीत, दारं नीट करावीत आणि विषय मिटवावा. घरातलं घरात. दादाच्या घरासमोर गाडी लावली तोपर्यंत तिचं हे नक्की झालं होतं.

धंद्याचं ऑफिस म्हणजे दादाच्या घराची पुढची खोली. दादा टेबलावर एक अलार्म उघडून बसला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दादा, वृद्धाश्रमात गेले होते," धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली.

दादानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. वेळ मारून न्यायला तो काही कच्चा नव्हता, पण तोंडावर खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. "मग? छान आहे ना जागा? माणसं भली आहेत."

"माझी सही तू केलीस."

"अगं, तू त्या आठवड्यात गावाला होतीस. त्यांना घाई होती. अडलं होतं त्यांचं."

"आणि क्लोजर कुणी सैल केले?"

"एक आजी रडली माझ्यापुढे. मी काय दगड आहे? आणि सोडून पाहिलं होतं प्रत्येक दार. सगळी लागत होती."

"सताड उघडून."

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते शब्द त्याला मुलाखतीच्या खोलीत घेऊन गेले असणार. "तू शिकलीस कुणाकडून?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडून."

"मग मी तपासलेलं म्हणजे तूच तपासलेलं. कागदाला कुणाचं तरी नाव लागतं, तुझं लावलं. परक्याचं तर नाही ना?"

वहिनीनं घडी तशीच हातात धरली. "आणि एवढं काय आकाश कोसळलं? तुझं नाव काय झिजलं का वापरून? ह्यांनी हाताला धरून उभं केलं तुला. आज तू ह्यांच्याच घराचे वासे मोजायला लागलीस."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. उपकाराची आठवण करून देणाऱ्याला एक माहीत असतं, समोरचा विसरलेला नाही. म्हणून तर ती आठवण बरोबर वर्मी लागते. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"बरं," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी मंडळाला काही कळवत नाही. तू फक्त सांग, अजून कुठे कुठे माझी सही केलीस. आपण दोघं जाऊ, एकेक दार बघू, नीट करू. कुणाला काही कळणार नाही."

वहिनीनं सुस्कारा सोडला. दादा मात्र अलार्मचं झाकण बोटांत फिरवत राहिला.

"सांग ना, दादा."

"आता मला कुठे आठवतंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"असतील काही. फोन यायचा, मी जाऊन बघून यायचो, तिथल्या तिथे दाखला देऊन टाकायचो. प्रत कशाला ठेवायची? माझा आणि त्यांचा विश्वास."

"दुकानं?"

"दुकानं असतील. एखादं लॉज."

"शाळा?"

दादानं बराच विचार केला. तो खरोखरच आठवत होता, आणि तेच भयंकर होतं. "शाळा असेल एखादी," तो म्हणाला. "मुलींचं वसतिगृह होतं बहुतेक. की ते दुसऱ्या कुणी केलं?"

धाकटी खुर्चीतून उठली. कुठलं वसतिगृह, कुठल्या रस्त्यावरचं, किती मजल्यांचं, काही पत्ता नाही. तिथे भिंतीवर तिचं नाव होतं आणि त्या नावाच्या भरवशावर पोरी झोपत होत्या. घरातलं घरात मिटवायला निदान घर तरी कुठलं हे माहीत पाहिजे. तिनं पिशवीतून फोन काढला.

"कुणाला लावतेस?" वहिनी म्हणाली. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ऐक माझं. ते पुन्हा परीक्षेला बसतील. तू सांगशील तसं करतील."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मला विचारशील तरी," दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फोन ठेवला असता, हे तिला ठाऊक होतं.

मंडळातल्या माणसानं तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा शांतपणाही तिच्या डोक्यात गेला. "चौकशी होईपर्यंत तुमची नोंदणी थांबेल, याची कल्पना आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"तुमच्या नावावरचे सगळे दाखले रद्द होतील. तुम्ही स्वतः दिलेलेसुद्धा. खरे कोणते, खोटे कोणते, ते आम्हाला बसल्या जागी कळणार नाही. पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागेल, तुमच्या नावानिशी. ज्यांच्याकडे असा दाखला असेल त्यांनी इमारत पुन्हा तपासून घ्यावी, अशी."

"मोठ्या अक्षरात द्या," धाकटी म्हणाली. "वसतिगृहांना दिसेल अशी."

"सह्या कुणी केल्या?"

"माझ्या भावानं."

"भाऊ असं नाही लिहिता येत. पूर्ण नाव सांगा."

धाकटीनं आता मान वर केली. दादा समोरच होता, हातात ते झाकण तसंच. बोलायला लागल्यापासून ती त्याला दादाच म्हणत आली होती. त्याच्या तोंडावर त्याचं नाव घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि कुणी सांगितलं असतं तरी तिनं ते घेतलं नसतं. तिनं नाव घेतलं. आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

नाव कानावर पडताच दादा शाळेत हजेरी घेताना पोरं दचकतात तसा दचकला आणि खुर्चीतून अर्धवट उठला.

"नीट ऐकू आलं नाही," पलीकडचा माणूस म्हणाला. "परत सांगता?"

तिनं परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं.