पैकीच्या पैकी गुण

मी धावत कारखान्यात पोचले तेव्हा आमच्या ह्यांनी फोरमनचं डोकं पत्रा दाबायच्या प्रेसच्या खांबावर दोनदा आपटलं होतं. रक्त वाहत होतं. पण खोटं कशाला बोलू, अडवावंसं वाटलं नाही. शेवटी चौघांनी ह्यांना मागे ओढलं.

देशात नवे शोध लागत नाहीत, म्हणून कामगारांची सर्जनशीलता मोजायची टूम निघाली होती. प्रत्येकाने दर महिन्याला एक नवी कल्पना द्यायची, तिला गुण, आणि सगळ्या कारखान्यांचे गुण मिळून म्हणे देशाचा नंबर वर जाणार! ह्यांना कायम शून्य. तुझ्यामुळे देश मागे राहिला, असं फोरमन चारचौघांत सुनवायचा. माणसाचं जेवणावरचं मन उडालं.

प्रेसचे दोन खटके दोन हातांनी दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही, म्हणजे हात बाहेरच राहतात. ह्यांनी एका खटक्यात पाचर ठोकून तो कायमचा दाबून ठेवला. पत्रा सरकवायला एक हात मोकळा झाला, माल दुपटीने निघू लागला. पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि फोरमनने सगळ्या प्रेसना पाचरी ठोकल्या. माझ्या दिराच्या प्रेसलाही.

त्या दिवशी भाऊजींचा उजवा हात ठोकळ्याखाली गेला. हाड कुठलं नि पत्रा कुठला, कळत नव्हतं. त्यांना दवाखान्यात नेल्यावर हे हातोडी घेऊन पाचरी उखडत सुटले, तर फोरमन आडवा आला. "काढू नकोस. उद्या मोजणीवाले येणारेत." मग ह्यांचा तोल गेला.

नोकरी गेली, कोठडी झाली, मग जामिनावर सुटले. ह्यांना त्याचं काही नव्हतं. आईमागे लहानाचा मोठा केलेला भाऊ आता आपल्याशी बोलेल का, एवढाच घोर. दवाखान्यातून घरी आल्यापासून भाऊजी ह्यांच्याकडे बघतही नव्हते.

एका सकाळी हे नेलकटर घेऊन त्यांच्यासमोर बसले. उरलेल्या हाताची नखं वाढली होती. ती त्यांना एकट्याला कशी कापता येणार?

"दादा, कल्पना तुझीच ना?"

"माझीच."

थोबाडीत बसली ती मला स्वयंपाकघरात ऐकू आली. मी बाहेर आले तोवर दुसरी बसली. ह्यांचा ओठ फुटला होता, पण हे जागचे हलले नाहीत. भाऊजी लहान पोरासारखे हुंदके देत होते.

मग त्यांनी तोच हात ह्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ह्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली.