वाट पाहणारे तीनशे बारा

कथांच्या त्या संकेतस्थळावर मावशीच्या नावाखाली सव्वीस गोष्टी होत्या आणि सव्वीसच्या सव्वीस 'स्वतंत्र कथा' या विभागात. भाचीने त्या पहिल्यांदाच ओळीने वाचल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळ्यांत माणसं तीच आहेत: शिवणाचं दुकान चालवणाऱ्या दोघी जावा आणि समोरचा घड्याळजी. मावशीला विभाग निवडता आला नसणार, असा तिने निष्कर्ष काढला. ती प्रयोगशाळेत दिवसभर नमुने लावणारी. चुकीच्या खणात काही दिसलं की तिचे हात शिवशिवत.

मावशी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिला तेवढाच आनंद, म्हणून भाचीने परस्पर सगळ्या गोष्टी तारखेप्रमाणे एकामागे एक लावल्या आणि 'क्रमशः कथा' हा विभाग निवडला. संकेतस्थळाने आपणहून शिक्का मारला: अपूर्ण. संध्याकाळपर्यंत त्याखाली आकडा उमटला: पुढच्या भागाची वाट पाहणारे, तीनशे बारा.

भाचीने तो हौसेने दाखवला. मावशीने लॅपटॉप मागून घेतला. तेव्हापासून ती उशांना टेकून लिहायला बसू लागली. दोन ओळी लिहायची, धाप लागली की थांबायची, मग दोन्ही खोडायची. दुपारची गोळी घेऊनही तिचा डोळ्याला डोळा लागेना. भाचीची आई आधी बहिणीवर चिडली, मग लेकीवर.

शेवटी भाचीने लॅपटॉप काढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "एवढी माणसं दारात उभी करून ठेवलीस बाई तू. त्यांना आत नको घ्यायला?"

"मला वाटलं, तुझ्याकडून चुकून झालंय."

"चुकून कसं होईल? पहिली गोष्ट टाकली तेव्हाच माझं दुखणं कळलं होतं. क्रमशः म्हणजे उद्याचा शब्द द्यायचा. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे मिटवत आले." तिने दम घेतला. "आता सगळे विचारतायत, घड्याळजीचं लग्न कधी. त्या मेल्याला स्वतःला तरी कुठे ठाऊक आहे?"

भाचीला हसू आलं नाही. तिने विभागांची माहिती पुन्हा उघडली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. तळाला तिसरा विभाग होता. कथामालिका: माणसं तीच, पण प्रत्येक गोष्ट आपल्यापुरती पूर्ण. तिने लॅपटॉपचा पडदा मावशीकडे वळवला.

मावशीने चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे कधी आलं?"

"पहिल्यापासून होतं."

"म्हणजे आपण दोघीही सारख्याच घायकुत्या. कर तसं."

भाचीने विभाग बदलला. शिक्का गेला, त्याखालचा आकडाही गेला. मावशीने चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि पाठीमागच्या उशा काढायला सांगितल्या.

त्या दुपारी ती गोळी न घेता दोन तास दहा मिनिटं झोपली.