वेशीपासूनचा खांदा

आमच्या गावात गाडी वेशीपर्यंतच येते. कमानीतून आत शिरलं की नुसत्या पायऱ्या. त्यामुळे मेलेल्या माणसाला वेशीपासून चर्चपर्यंत खांद्यावरच न्यावं लागतं, आणि तो खांदा दोस्तांचा.

मेर्लोने आणि मी ते कधीच ठरवून टाकलं होतं.

"मी आधी गेलो तर पुढचा उजवा खांदा तुझा," तो म्हणायचा.

"आणि मी आधी गेलो तर?"

"तुला कोण उचलणार, पियोम्बो? क्रेन मागवू."

पियोम्बो म्हणजे शिसं. माझ्या वजनावरून पडलेलं नाव. मेर्लो हे शीळ घालणारं काळं पाखरू, आणि हाही दिवसभर शीळ घालायचा. गावात निम्मे लोक प्रोयेत्ती आडनावाचे, मग खरी नावं दप्तरातच राहतात. त्याचं मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

गुडघे गेल्यावर मुलीने, लहानपणापासून आजोळी वाढलेल्या, आम्ही कधी न पाहिलेल्या, त्याला खाली शहरात नेलं, त्याला नऊ वर्षं झाली. नाताळला फोन यायचा. आधी शीळ, मग बोलणं.

परवा मंगळवारी वेशीच्या भिंतीवर काळ्या चौकटीचा कागद लागला. 'सेत्तीमियो प्रोयेत्ती, वय एक्क्याऐंशी. अंत्यविधी उद्या दहा वाजता.' फोटो नव्हता.

"हा कोण बुवा?" माझ्या पत्त्यांतल्या भिडूने, डुइलियोने विचारलं.

"असेल कुणीतरी. जन्मभर रोममध्ये मजा मारायची आणि पुरून घ्यायला इथं यायचं. देखावा चांगला ना!" मी म्हणालो. सगळे हसले. माझ्या जिभेला हाड नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेशीजवळच्या बारबाहेर पत्ते खेळत होतो. गाडी आली. काळ्या सुटातल्या चार भाडोत्री माणसांनी शवपेटी उचलली. मागे एक बाई, एकटीच. आम्ही उठलो, टोप्या काढल्या, पुन्हा बसलो. तो डाव मी जिंकलो.

दोनेक तासांनी ती बाई परत खाली आली.

"तुमच्यात पियोम्बो कोण?"

"मी. का हो?"

"मी ऑर्नेल्ला. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, वेशीपाशी पियोम्बो उभा असेल." तिने पत्त्यांकडे बोट दाखवलं. "तुम्ही इथंच होतात, काका. उठलात आणि परत बसलात. एवढा कसला राग होता त्यांच्यावर?"

मी पत्ते पालथे ठेवून उठलो.

"कागदावर मेर्लो का नाही लिहिलंस, पोरी?"

"ते काय छापायचं नाव आहे?" ती म्हणाली, आणि मग तिच्याही लक्षात आलं.

मी बारमधून पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या नावाखाली लिहिलं, 'म्हणजे आपला मेर्लो'. भाजी घेऊन चाललेली इओले वाचायला थांबली आणि पिशवीसकट पायरीवर बसली.

"अगं बाई! मेर्लो गेला?"

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव दफनभूमीत जमलं. कुणी रडलं, डुइलियोने त्याच्यासारखी शीळ घालून पाहिली, जमली नाही. मी मागे उभा होतो, उजवा खांदा धरून. त्यावर काहीच वजन आलं नव्हतं.