पाहुण्याचं पाणी

उतारवयात वाचायला शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. भिंतीवर, डब्यावर, बसच्या पाठीवर, जे दिसेल ते तो वाचत सुटतो. पण त्या दिवशी कोपऱ्यावरच्या थिएटरच्या काचेआड लावलेलं पोस्टर मी वाचलं नाही. अक्षरांकडे माझं लक्षच गेलं नाही. चित्रात रखरखीत माळ होता आणि त्यावर एक पाठमोरी बाई बसलेली होती. तिचा डावा खांदा जरासा उतरलेला होता. लहानपणी सगळं पाणी त्याच खांद्यावरून वाहिल्यामुळे तो तसा झाला होता. ती पाठ माझ्या ताईची होती.

ताई लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करते. मालकाने तिला दोनदा घरी बसवलं आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन इस्त्री तापवायला लागली, तेव्हा त्याने हात टेकले. मी गेलो तेव्हा ती वाफेत उभी होती. वाफेत ती नेहमी जरा तरुण दिसते.

"ताई, तुझा सिनेमा लागलाय."

"माझा सिनेमा रोजच लागलेला असतो. चादर, उशी, चादर, उशी."

"तो नव्हे. टोपीवाल्याचा."

 तिची इस्त्री होती तिथेच राहिली, आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत ताईच्या हातून कापड जळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. डागाकडे बघत तिने विचारलं, "पाहुणा आहे का रे त्यात?"

"असणारच की."

"मग उद्या जाऊ."

आम्ही माळावरची माणसं. तिथे पाणी खडकाच्या फटीत असायचं, आणि ती फट आमच्याखेरीज कुणाला सापडत नसे. वाट चुकलेला कुणी आला तर त्याला लाकडी वाडग्यातून पाणी द्यायचं आणि लगेच त्याच्याकडे पाठ करून बसायचं. तहानलेला माणूस पाणी पिताना ओशाळतो. तो किती प्याला, कसा प्याला, हे देणाऱ्याने बघायचं नाही. पोटभर पिऊन झालं की पाहुणा वाडगा दगडावर ठेवतो. टक् असा आवाज होतो. तो आवाज आला की वळायचं. त्याआधी वळायचं नाही, मग अंगावर साप का चढेना. आणि पाहुणा न पिता गेला, तर त्या घराच्या हातचं पाणी परत गेलं असं म्हणायचे.

सिनेमावाले आले तेव्हा ताई पंचविशीच्या आतबाहेर असेल. मी धाकटा, त्यांच्या पेट्या उचलायच्या कामावर होतो. गोष्ट एवढीच होती: शहरातलं एक जोडपं माळावर वाट चुकतं, बायको तापाने फणफणते, आणि माळावरची एक बाई त्यांना जगवत जगवत रस्त्यापर्यंत आणून सोडते. त्यांची भाषा हिला येत नाही, हिची त्यांना येत नाही. नवऱ्याचं काम करणारा उंच माणूस शूटिंग नसतानाही आम्हाला पाहुणाच वाटायचा, म्हणून आम्ही त्याला पाहुणाच म्हणायचो.

शेवटच्या दिवशी टोपीवाल्या दिग्दर्शकाने दुभाष्याकरवी ताईला सांगितलं, "याला पाणी दे, आणि मग तुला करावंसं वाटेल ते कर." ताईने वाडगा दिला आणि पाठ करून बसली. टोपीवाल्याला ते फार आवडलं असावं. त्याने आम्हा सगळ्यांना लांब हाकललं आणि यंत्र बराच वेळ चालू ठेवलं. मग ट्रक भरले. पाहुणाही चढला. ट्रक गेले. ताई बसलेलीच होती, आवाजाची वाट बघत. आई तिला उठवायला गेली तेव्हा वारा सुटला होता. वाडगा वाळूत कलंडलेला होता आणि कोरडा होता. तो पिऊन कोरडा झाला की सांडून, हे वाडगा बघून कोण सांगणार?

पुढच्या उन्हाळ्यात फट आटली. आमची मावशी वाईट बाई नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. "पाहुण्याला कोरडा घालवलास," ती चारचौघांत म्हणाली, "आता पाणी कुणाच्या जिवावर थांबेल?" एकीने म्हटलं आणि दहाजणींनी उचललं. आम्ही माळ सोडून या शहरात आलो, मावशी गेली, आई गेली. ताई मात्र तेव्हापासून कुणाला आपल्या हाताने पाणी देत नाही. चहा देते, दूध देते. पाणी मागितलं की म्हणते, "धाकट्या, बघ रे जरा." लाँड्रीत एखादं गिऱ्हाईक पाणी प्यायला लागलं की ती भिंतीकडे वळते. लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. ताईने स्वतःच इस्त्री केलेलं लुगडं नेसलं होतं, घडी कागदासारखी. पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली. दारावरचा माणूस तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "आजी, फार संथ सिनेमा आहे हं. लोकांना झोप लागते."

"मग तिकिटाबरोबर उशी देत जा," ताई म्हणाली. "इस्त्री मी करून देईन."

आत पंधरा-वीस डोकी होती. चष्मा लावलेल्या एक बाई पडद्यापुढे उभ्या राहून बोलल्या. बोलणं गोड होतं. दोन जगं एकमेकांच्या शेजारून कशी जातात, आणि शेवटी ती बाई पाठ फिरवते तेव्हा त्यांच्यामधलं दार कसं कायमचं बंद होतं, असं काहीतरी.

"दार?" ताई माझ्या कानात म्हणाली. "आपल्याकडे दार कुठे होतं?"

अंधार झाला आणि माळ आला.

मला वाटलं होतं, सिनेमा म्हणजे गोष्ट असेल. पण ते स्वप्न होतं, आणि ते आमचं असूनही दुसऱ्याच कुणाला पडलेलं होतं. खडक जागच्या जागी होते, पण डोंगराएवढे. जिथे आम्ही शेळ्या बांधायचो तिथून सूर्य उगवत होता. खऱ्या माळावर तो त्या बाजूने कधीच उगवला नाही. एक मुंगी पडदाभर चालली. त्या चुकलेल्या जोडप्याच्या मागून, अगदी कडेला, एक बाई सरपणाची मोळी घेऊन गेली आणि ताईने माझं मनगट धरलं.

"आई," ती म्हणाली.

आईच होती. तिला कुणी सांगितलंच नसणार की तिथून जायचं नाही. तिने एकदा आमच्याकडे बघितलं, सरपण सावरलं आणि पडद्याच्या काठावरून निघून गेली. ती पुन्हा येईल म्हणून मी त्या काठाकडे बराच वेळ बघत राहिलो. तरुण ताई मुळं उकरत होती, तापलेल्या बाईच्या कपाळावर ओला पाला ठेवत होती, आमच्या भाषेत तिला दटावत होती, "गप पड, मरायला एवढी घाई का?" थिएटरात ते कुणालाच कळलं नाही. आम्ही दोघंच हसलो, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं.

मग रस्ता दिसला. ताईने माझं मनगट सोडलं.

पडद्यावर तिने वाडगा भरला, पाहुण्याच्या हातात दिला आणि पाठ केली. यंत्र तिच्या समोरच्या बाजूला होतं, हे तेव्हा लांब हाकललेल्या आम्हाला कुठलं माहीत! पडदाभर तिचा चेहरा आला. थिएटर त्या चेहऱ्याकडे बघत होतं, कुणीतरी नाक ओढलं. तिच्या उतरलेल्या खांद्याच्या मागे, लहानसा पण स्पष्ट, वाडगा घेतलेला पाहुणा उभा होता.

मी ताईकडे बघितलं. तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले होते.

"ताई, बघ की. यासाठीच तर आलो."

"तो पीत असताना मी बघू? वेड लागलंय का? पाणी मी दिलंय." आवाज अगदी बारीक होता. "तू दिलेलं नाहीस. तू बघ आणि मला सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

मी बघू लागलो. पाहुण्याने वाडग्यात वाकून पाहिलं. आमचं पाणी जरा लालसर असायचं. तो तसाच थांबला. मग त्याने मान वळवून ट्रक होते त्या दिशेला पाहिलं. आता त्याने ते ओतलं, तर काय सांगायचं? तिच्याशी खोटं मला कधी जमलं नव्हतं. पडद्यावरच्या तरुण ताईचे कान आवाजाकडे लागलेले दिसत होते, आणि शेजारच्या म्हातारीचेही.

त्याने वाडगा तोंडाला लावला.

"सांग," ताई म्हणाली.

"पितोय."

"घोट की सगळं?"

"डोकं मागे गेलंय. हनुवटीवरून ओघळतंय. अजून पितोय. आता वाडगा उलटा धरून शेवटचा थेंब जिभेवर घेतोय."

"आणि आवाज? मला आवाज आला नाही, धाकट्या. तेव्हाही नाही, आत्ताही नाही."

"थांब. तो खाली बसला. त्याने वाडगा वाळूत ठेवला. कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी जरा दाबून बसवतोय. आता उठला. तुझ्याकडे बघतोय. गेला."

ताईने हात काढले नाहीत. तळहातांच्या आतून तिने विचारलं, "वाळूत?"

"वाळूत."

"शेजारी दगड होता ना एवढा?"

"आहे. दिसतोय. त्याच्या पायाशीच ठेवलाय."

"वाळूत ठेवल्यावर आवाज कसा येईल," ती म्हणाली. आणि मग तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असं वाटून मी वाकलो, तर ती हसत होती. "चांगल्या घरचा दिसतो. भांडं सांभाळून ठेवलंन. आपटू नये म्हणून वाळूत ठेवलंन मेल्यानं."

दिवे लागले. चष्मेवाल्या बाईंनी ताईचे ओले डोळे बघून हळूच विचारलं, "आवडला का, आजी?"

"पाहुणा चांगला होता," ताई म्हणाली.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं, पडद्यावरून थोडं सांडल्यासारखं. माझे पाय अजून माळावरच होते. थिएटरच्या पायरीवर टेकलो आणि सवयीने पिशवीकडे हात नेला. ताईने पिशवी ओढून घेतली. बाटलीचं झाकण काढून त्यात पाणी ओतलं. एक थेंबही सांडला नाही. तिने झाकण माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतल्यावर ती रस्त्याकडे तोंड करून बसली. डावा खांदा खाली होता. लोक येत-जात होते, बस थांबत होती, सुटत होती. मला फारशी तहान नव्हती. तरी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो आणि स्टीलचं झाकण दगडी पायरीवर ठेवलं, चांगलं जोरात.

ताई वळली.

"अजून हवंय?" तिने विचारलं.