ओढ्यातले शंख

तिची नजर म्हणजे नजर, असं तिचा नवराच चारचौघांत सांगायचा. शिवणकाम करणारी बाई ती. शिलाई सुताभर वाकडी गेली तरी उसवून पुन्हा घालायची. लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा मात्र ती नुसती भिंतीकडे बघत बसू लागली. नवऱ्याने तिला एका रविवारी ओढ्यावर फिरायला नेलं, आणि तिथे तिला दगडात रुतलेला शंख सापडला. बाई खुलली.

मग तिने त्या विषयाचा पिच्छाच पुरवला. साध्या दगडातही माणसाला बदकं, अंडी, पावलं दिसतात; तो मनाचा खेळ. जीवाश्मात शिस्त असते. रेघेला लागून तेवढ्याच अंतरावर दुसरी रेघ, डावीसारखी उजवी बाजू. दगड ओला करून, तिरप्या उन्हात धरून ती निरखून बघे. हाडाचा संशय आला तर चक्क जीभ लावे, कारण जुन्या हाडाला बारीक भोकं असतात आणि ते जिभेला चिकटतं. "आज काय काय चाटलंस?" असं नवरा विचारी, आणि दोघं पोट धरून हसत.

संग्रहालयाने आपल्या परिसरातल्या जीवाश्मांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा ती आपला खोका घेऊन निघाली.

"कशाला उगाच?" नवरा म्हणाला. "ते लोक नाकं मुरडतात."

आपला अपमान होईल म्हणून घाबरतोय बिचारा, असं तिला वाटलं.

संग्रहालयातल्या बाईंनी एकेक दगड भिंगाखाली धरला. "सगळे खरे आहेत," त्या म्हणाल्या, आणि हिचा ऊर भरून आला. "पण ताई, हे इथले नाहीत. तुमच्या ओढ्याचा दगड काळा. ज्वालामुखीचा तापलेला रस थंड होऊन झालेला. त्यात शंख कसा टिकेल? हे सगळे पिवळट चुनखडीतले, आणि ती आपल्याकडे कुठेच नाही. दुकानात मिळतात असे. यातला एकही ओढ्यातला नाही."

बाई फार हळुवार बोलल्या, ते जास्त लागलं. आजवर तिने आकार तेवढा पाहिला होता. तो कोणत्या दगडात बसलाय, हे बघायचं सुचलंच नव्हतं. ओढ्यावर नवरा नेहमी पुढे चालायचा. का, ते आता उमगलं.

असली दुकानं लेकीच्या शहरात होती. बाहेर येऊन तिने लेकीला फोन लावला. "बाबांना दगड तू पाठवायचीस?"

"अगं आई, चिडू नकोस ना. तू किती खूश व्हायचीस!"

म्हणजे दोघं सामील. तिचं तोंड कडू झालं.

घरी नवरा दारातच उभा होता. लेकीने कळवलं असणार. "तू पार खचली होतीस गं," तो म्हणाला. "मी काय करायला हवं होतं?"

"एकदा ठेवलात, ते समजू शकते. पण मी कंबर मोडेपर्यंत वाकून शोधायचे आणि तुम्ही शेजारी उभं राहून वा वा करायचात. दर रविवारी! लहान पोर आहे का मी?"

तिने खोका टेबलावर आपटला. यातला एकही ओढ्यातला नाही, हे संग्रहालयातल्या बाईंचं म्हणणं तिने लेकीलाही सांगितलं नव्हतं आणि आता त्यालाही सांगितलं नाही.

"एकच सांगा. यातला एक तरी माझा आहे का? मी स्वतः शोधलेला?"

त्याने खोक्यात बराच वेळ चाचपलं. मग एक छोटा, पिवळट शंख काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"हा," तो म्हणाला. "हा मी नव्हता ठेवला. हा तुझाच. तुझी शपथ."

तो तिच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला होता. आवाज जराही अडखळला नव्हता. लग्नापासून याच आवाजात तो काय काय सांगत आला होता, ते तिला एकेक करून आठवायला लागलं.