तिसऱ्या दिवसाचा आकडा

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी सूनबाईच्या अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. शिलाई मशीनवर चार टाके घातले की तिला धाप लागायची. दवाखान्यात शिरेतून लोहाची बाटली चढवली. नर्सबाईंनी बजावलं, "दुसरी बाटली पुढच्या आठवड्यात. तपासणी मात्र महिन्याने करा, आधी केली तर आकडा फुगलेला येतो."

सासऱ्यांना कुठला दम निघतोय! तिसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेचं रक्त तपासून आणलं. लोहाचा साठा हजाराच्या वर!

"घरात खाण निघाली, खाण! आता दुसऱ्या बाटलीचं नाव काढायचं नाही," म्हणत त्यांनी तो कागद गल्लीभर मिरवला.

"मामंजी, मला जिनासुद्धा चढवत नाही हो."

"मग काय, कागद खोटं बोलतो?"

 ठरल्या दिवशी वाटेत तीनदा टेकत सूनबाई एकटीच दवाखान्यात गेली.

"तुम्ही ओतलेलं मोजलंत, अंगी लागलेलं नाही," तिच्याकडून तो आकडा ऐकून नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी बाटली लावली.

दीड महिन्यात मशीन पुन्हा धडधडू लागलं. "माझा कागद सांगतच होता!" सासरे ज्याला त्याला ऐकवत राहिले. पाच वर्षांनी, नणंदेचा मुलगा बालवाडीत जाऊ लागला तेव्हा ते वारले, तोवर त्यांचं हेच चालू होतं.