मागचंपुढचं

तिने लाकूड कोरायची लहान पटाशी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली, गादीच्या वळकटीत कोपरापर्यंत हात घालून आत सरकवली आणि वळकटीवर बसून दोरी आवळली. नवऱ्याची चाहूल लागताच ती उठून खिडकीचा पडदा सारखा करायला गेली. पडदा तर सकाळीच काढून पेटीत भरला होता.

"हे बघ," तो म्हणाला. त्याच्या हातात सागवानी पाटी होती. "बाबांनी दिली. म्हणजे हातात नाही दिली, माझ्या पेटीवर ठेवून गेले. पण दिली!"

पाटीवर तिच्या वडिलांच्या हातचं, बायबलमधलं कोरीव वचन होतं : आपण एकमेकांपासून दूर असू तेव्हा देव तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो.

"म्हणजे राग गेला ना त्यांचा?"

"दिसतंय तसं," ती म्हणाली. तो शीळ घालत पाटी बांधायला कागद शोधू लागला.

राग साधासुधा नव्हता. नवरा तिच्या वडिलांच्याच सुतारकामाच्या दुकानात शिकला, तिथेच राबला, तिथेच जावई झाला. दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतो म्हणाला, त्या दिवसापासून म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. जावई हातभर अंतरावर उभा असला तरी निरोप मुलीकडे, "त्याला सांग, फळ्या आत घे म्हणावं." जेवणाचा डबासुद्धा दुकानात मागवायचा. वर बजावलं होतं की दुकानातला खिळाही बाहेर जाणार नाही आणि उद्या सकाळी निरोपाला कुणी आपली वाट बघू नये. खिळ्यांचं तिला काही नव्हतं. पण वडील दारात आले नाहीत, तर हे घर आपल्याला कायमचं तुटलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणूनच तिने दुकानाच्या भिंतीवरून पटाशी गुपचूप उचलली. लहानपणी त्यांनी तिच्या हातात दिलेलं ते पहिलं हत्यार होतं.

पाटी बघून तिला हायसं वाटायला हवं होतं, पण जिवाला स्वस्थता नव्हती. रविवारी उपासनेनंतर वडील बायबलचा वर्ग घेत. कुणी एखादं वचन फेकलं की ते म्हणत, "मागचं वाच. पुढचं वाच. मग बोल. एका वचनावर जोर देणं म्हणजे एका पायाच्या स्टुलावर बसणं." वर्गाने त्यांचं नावच 'मागचंपुढचं' पाडलं होतं. असा माणूस सुटं वचन कोरून देईल?

तिने बांधलेली पेटी पुन्हा सोडली, बायबल काढलं आणि वळकटीवर बसून पान शोधलं.

त्या वचनात बोलणारा सासरा होता आणि ऐकणारा जावई. सासऱ्याकडे वर्षानुवर्षं राबून हा जावई बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघालेला. म्हाताऱ्याने त्याला गाठलं, दोघं कचाकचा भांडले. कुणाचाच कुणावर भरवसा नाही, म्हणून दगडांची रास रचली : तू इकडे यायचं नाहीस, मी तिकडे येणार नाही, आणि माझी पाठ वळली की देव तुझ्यावर नजर ठेवील. लग्नात आणि निरोप समारंभात लोक हौसेने वाटतात ते वचन हे होतं. आशीर्वाद कसला, पहारा होता.

तिचे कान तापले. ती अजून मागे गेली. निघताना मुलीने बापाच्या घरातल्या मूर्ती चोरल्या होत्या. बापाने तंबू न् तंबू उलथापालथा केला, तेव्हा ती मूर्ती लपवून त्या मूर्तींवरच बसून राहिली होती.

ती वळकटीवरून ताडकन उठली.

दुकानात वडील रंधा मारत होते.

"बाबा, ती पाटी कुणासाठी कोरलीत?"

"ज्याच्या पेटीवर ठेवली त्याच्यासाठी."

"त्याला तो आशीर्वाद वाटतोय."

"आणि तुला?"

"मी मागचं वाचलं."

रंधा थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. हत्यारांच्या रांगेत एक खिळा रिकामा होता. त्यांनी आता विचारलं असतं, तर ती तिथेच रडली असती.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला. "आणि पुढचं?"

ती खाली पडलेल्या भुशाकडे बघू लागली.

"इतकी वर्षं वर्गात बसलीस, आणि अर्ध्यात पुस्तक मिटून भांडायला आलीस!"

ती तणतणत परतली. सरळ सांगायला यांची जीभ झिजते का! उभ्याउभ्याच तिने उरलेल्या ओळी वाचल्या. त्या थोड्याच होत्या. रास रचून झाल्यावर ती माणसं एकत्र जेवली. रात्री तिथेच राहिली. पहाटे म्हातारा उठला, त्याने मुलीनातवंडांचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला आणि तो घरी गेला. मूर्तींचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

त्या संध्याकाळी वडील डबा न मागवता टेबलाशी येऊन बसले.

"मीठ दे इकडे," ते जावयाला म्हणाले.

सवयीने त्याने बायकोकडे पाहिलं, निरोप तिच्याकडून येईल म्हणून. मग गडबडीने मीठ सरकवताना त्याने पाणी सांडलं. पटाशीचं सांगून टाकावं म्हणून तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला.

सकाळी सामान गाडीत चढलं, तरी दुकानाचं दार बंदच होतं. नवरा सुटलेली दोरी पुन्हापुन्हा बांधत वेळ काढत होता. ती सारखी दाराकडे बघत होती.

शेवटी दार वाजलं. वडील आले, त्यांनी तिच्या कपाळाचा मुका घेतला. जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"सावकाश चालव."

मग खिशातून त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या हातात दिलं. धार लावायचा त्यांचा जुना दगड होता, मध्ये झिजून खोलगट झालेला.

"तेलाचे दोन थेंब टाकून घास. लहान पात्याला जोर लावायचा नाही."

"हा कशाला?" नवऱ्याने विचारलं. "आपल्याकडे नवा आहे की."

"वाटेत सांगते," ती म्हणाली आणि गाडीत मागे जाऊन वळकटीवर बसली.